शोधात 'अँड' की 'ऑर'? डिफॉल्ट ऑपरेटर ठरवण्याची रीत

कोणी शोधचौकटीत 'शिक्षक बदली धोरण' असे तीन शब्द टाइप केले, की त्या शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा काहीतरी अर्थ लावावा लागतो. तिन्ही शब्द असलेलीच कागदपत्रं द्यायची, की एखादा असला तरी चालवून घ्यायचं? पहिला अर्थ 'अँड', दुसरा 'ऑर'. शब्दांमधली ही न लिहिलेली जोड म्हणजेच डिफॉल्ट ऑपरेटर. हे तुम्ही ठरवलं नसेल तर तुमच्या डेटाबेसने ठरवून टाकलेलं आहे, आणि प्रत्येकाने ते आपापल्या पद्धतीने ठरवलंय.

उदाहरणासाठी शासन निर्णयांचा, म्हणजे जीआरचा, एक संग्रह धरू. प्रत्येक नोंदीत विभाग, विषय, मजकूर आणि दिनांक अशा चार गोष्टी आहेत. ग्रंथालयाची सूची, बातम्यांचं संग्रहालय किंवा दुकानाचा माल असला तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

आधी तपासा: आत्ता काय चालू आहे

इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च या शोध-इंजिनांमध्ये 'मॅच' आणि 'क्वेरी स्ट्रिंग' या दोन्ही प्रकारच्या क्वेरी (शोधाच्या मागण्या) सांगितलं नाही तर 'ऑर' धरतात. सोलर या शोध-इंजिनाचंही तसंच. मायएसक्यूएलमध्ये नॅचरल लँग्वेज मोड 'ऑर'सारखा चालतो. बूलियन मोड नावावरून कडक वाटतो, पण अधिकचं चिन्ह न लावलेला शब्द तिथेही ऐच्छिकच असतो. मोंगोडीबीचा टेक्स्ट सर्चही 'ऑर'.

पोस्टग्रेसमध्ये 'प्लेनटू टीएसक्वेरी' आणि आवृत्ती ११ पासून आलेलं 'वेबसर्च टू टीएसक्वेरी' ही दोन्ही फंक्शनं 'अँड' लावतात. नुसतं 'टू टीएसक्वेरी' मात्र ऑपरेटर लिहिल्याशिवाय दोन शब्द घेतच नाही. एसक्यूलाइटचं एफटीएस५ (त्यातला मजकूर-शोधाचा भाग) आणि मँटिकोर हे शोध-इंजिन 'अँड' धरतात. एसक्यूएल सर्व्हरच्या 'कंटेन्स'ला दोन सुटे शब्द दिले तर तो चूक दाखवून थांबतो. ओरॅकल टेक्स्ट शेजारशेजारचे शब्द सरळ वाक्यांश म्हणून शोधतं.

म्हणून पोस्टग्रेसवरून इलॅस्टिकसर्चवर जाताना ऑपरेटर स्पष्ट लिहा. नाहीतर कालपर्यंत बारा निकाल देणारा शोध आज काही हजार देतो, आणि बिघाड नक्की कुठे झाला ते कोणाला कळत नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या काहीच बिघडलेलं नसतं.

निर्णय कशावर घ्यायचा

पहिला प्रश्न: निकाल कोणत्या क्रमाने दाखवणार? 'ऑर' वापरण्याजोगा राहतो तो केवळ क्रमवारीच्या जिवावर. तिन्ही शब्द असलेली नोंद वर आली आणि एकच शब्द असलेल्या हजार नोंदी तळाला गेल्या, तर वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. पण 'नवीन आधी' अशी दिनांकानुसार मांडणी केली की तो आधार गेला. मग 'शिक्षक बदली धोरण' शोधल्यावर काल निघालेला, ज्यात फक्त 'धोरण' हा शब्द आहे असा, वाळू लिलावाचा जीआर सगळ्यात वर बसतो. दिनांक, किंमत, नाव अशा कशानेही क्रम लावत असाल, निकालांची संख्या ठळक दाखवत असाल, यादी एक्सेलमध्ये उतरवून देत असाल किंवा शोधावरून ईमेल सूचना पाठवत असाल, तर 'अँड'च हवा. यात अपवाद करू नका. क्रम बदलायची सोय वाचणाऱ्याच्या हातात असेल, तर त्याने 'नवीन आधी' निवडताच जोडही घट्ट झाली पाहिजे.

दुसरा प्रश्न: क्रमवारी लावणारं सूत्र किती चांगलं आहे? ल्यूसीन या शोध-लायब्ररीवर चालणारी इंजिनं (इलॅस्टिकसर्च, ओपनसर्च, सोलर) ल्यूसीनच्या आवृत्ती ६ पासून बीएम२५ हे सूत्र डिफॉल्ट म्हणून वापरतात. त्यात दुर्मिळ शब्दाला जास्त वजन मिळतं. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मध्येही बीएम२५ आहे. पोस्टग्रेसचं क्रमवारीचं फंक्शन 'टीएस रँक' मात्र पूर्ण संग्रहातली शब्दांची वारंवारता बघतच नाही. त्याच्या लेखी 'शासन' आणि 'बिंदुनामावली' हे सारख्याच तोलाचे शब्द. तिथे 'ऑर' लावला की सर्वत्र आढळणारे शब्द निकाल खेचून नेतात. शिवाय जुळलेल्या प्रत्येक ओळीचा 'टीएसव्हेक्टर' (शोधासाठी साठवलेली शब्दयादी) वाचून गुण, म्हणजे जुळणी किती चांगली याचा आकडा, काढावे लागतात, त्यामुळे शोधही मंदावतो. पोस्टग्रेसवर 'अँड' सोडू नका. मायएसक्यूएलच्या बूलियन मोडमध्ये तर गुणांनुसार क्रम आपोआप लागतच नाही, तो 'ऑर्डर बाय' लिहून मागावा लागतो. हे राहून गेलं आणि जोडही 'ऑर' असली, तर निकाल अक्षरशः कसेही येतात.

तिसरा प्रश्न: लोक किती शब्द टाइप करतात? दोन-तीन शब्दांना 'अँड' उत्तम बसतो, आणि लोकांची अपेक्षाही तीच असते: शब्द वाढवला की निकाल कमी झाले पाहिजेत. 'ऑर'मध्ये उलटं होतं, आणि शोध मोडलाय असं वाटतं. पण कोणी जीआरचा पूर्ण विषयच चिकटवला, दहा-बारा शब्दांचा, तर 'अँड' एका शब्दाच्या फरकाने कोरडा निकाल देतो. त्यासाठी मधला रस्ता आहे.

मधला रस्ता: किमान किती शब्द जुळावेत

इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्चमध्ये 'मिनिमम शुड मॅच', सोलरच्या डिसमॅक्स या क्वेरी-प्रकारात 'एमएम', मँटिकोरमध्ये कोरम ऑपरेटर. कल्पना एकच: जोड 'ऑर' ठेवायची, पण किमान इतके शब्द जुळलेच पाहिजेत अशी अट घालायची.

इथली आकडेमोड नीट समजून घ्या, कारण चुका इथेच होतात. टक्केवारीतून येणारा आकडा नेहमी खाली पूर्णांकात उतरतो. '७५%' लिहिलं आणि शब्द पाच असले, तर पाचाचे पाऊण म्हणजे ३.७५, त्याचे झाले ३. पाचपैकी तीनच जुळले तरी नोंद आत येते. '-२५%' लिहिलं तर किती शब्द गाळता येतील ते मोजलं जातं: पाचाचा पाव म्हणजे १.२५, त्याचा झाला १, म्हणजे चार जुळलेच पाहिजेत. दोन्ही लिखाणं दिसायला एकच, पण पाच शब्दांना एक तीन मागतं, दुसरं चार. ऋण टक्केवारी जास्त कडक, म्हणून तीच घ्या.

सुरुवातीसाठी '३<-२५%' हे मूल्य चांगलं (सेटिंगमध्ये आकडे इंग्रजीच टाइप करायचे). अर्थ असा: तीन शब्दांपर्यंत सगळे हवेत, चार ते सात शब्दांत एक राहिला तर चालेल, आठपासून दोन, बारापासून तीन. नुसतं '७५%' ठेवलंत तर तीन शब्दांच्या शोधालाही दोनच लागतील, आणि सर्वाधिक शोध तर दोन-तीन शब्दांचेच असतात.

मराठी मजकुरावर 'अँड' का कोसळतो

वरचा सल्ला जसाच्या तसा मराठी संग्रहाला लावला तर पहिल्याच दिवशी तक्रारी येतील. विषय असा आहे: 'शिक्षकांच्या बदल्यांबाबतचे धोरण'. शोध असा: 'शिक्षक बदली धोरण'. संगणकासाठी 'शिक्षक' आणि 'शिक्षकांच्या' हे वेगळे शब्द, 'बदली' आणि 'बदल्यांबाबतचे' हेही वेगळे. जुळतो फक्त 'धोरण'. 'अँड' लावला तर निकाल शून्य. 'ऑर' लावला तर 'धोरण' शब्द असलेला प्रत्येक जीआर. ऑपरेटर कितीही वेळा बदला, यातून सुटका नाही. दोष जोडीत नाही, शब्दांत आहे.

उपाय: शब्द सैल करा आणि जोड घट्ट ठेवा. शोधातल्या प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर काढून उपसर्गासारखा शोध लावा, म्हणजे फुलीच्या (*) आधीचा भाग शब्दाच्या सुरुवातीशी जुळला की पुरे: शिक्षक*, बदल*, धोरण*, आणि तिन्हींमध्ये 'अँड'. एकट्या 'बदल*'मध्ये 'बदल' आणि 'बदललेल्या' हेही येतील, पण बाकीचे दोन शब्द त्यांना गाळून टाकतात. म्हणजे 'अँड' आहे म्हणूनच शब्द सैल करणं परवडतं. 'ऑर'सोबत हीच युक्ती केली तर कचऱ्याचा डोंगर होईल.

स्वर काढायचा नियम साधा ठेवा. शब्दाच्या शेवटी काना, वेलांटी, उकार, मात्रा असेल आणि ती काढून किमान दोन व्यंजनं उरत असतील, तरच काढा. शाळा → शाळ* (शाळेत, शाळांना), पाणी → पाण* (पाण्याचा), योजना → योजन* (योजनेतून), रस्ता → रस्त* (रस्त्यांची). 'अनुदान', 'पुस्तक' असे व्यंजनान्त शब्द तसेच राहू द्या. 'पाणी*' असा स्वरासकट उपसर्ग 'पाण्याचा'ला जुळत नाही, म्हणून काटछाट टाळू नका.

'विहीर'चं 'विहिरी', 'मूल'चं 'मुलांना' होताना दीर्घाचा ऱ्हस्व होतो. त्यासाठी इंडेक्स करताना (शोधासाठी शब्दांची सूची बनवताना) आणि शोधताना, दोन्ही बाजूंनी, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करून टाका. शुद्धलेखनाच्या चुकाही त्यात आपोआप पोटात जातात. ल्यूसीन कुळात यासाठी 'हिंदी नॉर्मलायझेशन' फिल्टर आहे. तो हे काम करतो आणि अदृश्य झिरो विड्थ जॉइनरही काढतो. 'हिंदी स्टेमर' मात्र मराठीला लावू नका, तो हिंदीचे प्रत्यय तोडतो. इलॅस्टिकसर्चमधली 'प्रीफिक्स' क्वेरी अ‍ॅनालायझरमधून (मजकूर तोडून शब्द एकसारखे करणाऱ्या भागातून) जात नाही, तेव्हा शब्द पाठवण्याआधी हे एकसारखेपण स्वतःच्या कोडमध्ये करा. 'कापूस' → 'कापसाचा' यासारख्या, मधला स्वरच गळणाऱ्या शब्दांना समानार्थी यादी करावी लागते. ती छोटी असते, आपल्या विषयापुरती बसून करा.

'पाणी पुरवठा' आणि 'पाणीपुरवठा' ही दोन्ही रूपं सरकारी मजकुरात सर्रास दिसतात. 'अँड'मध्ये सुट्या दोन शब्दांच्या शोधाला जोडशब्द सापडत नाही. क्वेरी बांधताना शेजारचे दोन शब्द जोडून तिसरा पर्याय द्या: (पाण* आणि पुरवठ*) किंवा पाणीपुरवठ*.

शोधात आलेला 'व' हाही 'अँड'मध्ये सक्तीचा होतो. मजकुरात 'आणि' लिहिलं असेल तर नोंद गेली. म्हणून 'व', 'आणि', 'किंवा', 'या', 'तसेच', 'बाबत' असे शब्द शोधातून आधीच काढा. ही वगळ-यादी सगळ्या फील्डना (विभाग, विषय, मजकूर अशा रकान्यांना) एकच लागते. एका फील्डने 'व' वगळला आणि दुसऱ्याने ठेवला, तर सोलरच्या डिसमॅक्समध्ये सर्व शब्दांची अट पूर्ण होणं अवघड होऊन बसतं, आणि रिकाम्या निकालाचं कारण शोधता शोधता दिवस जातो.

आकडेही तपासा. '२०१९' देवनागरीत आणि इंग्रजी अंकांत वेगळं. इलॅस्टिकसर्चमध्ये 'डेसिमल डिजिट' फिल्टर सगळे अंक एका लिपीत आणतो; पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स आणि शोध दोन्हीकडे 'ट्रान्सलेट' फंक्शन वापरा.

दोन खड्डे, जे बाहेरून दिसत नाहीत

एसक्यूलाइटच्या एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) 'युनिकोड६१' अक्षरं, अंक आणि खासगी वापराची चिन्हं एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरीतला काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त हे युनिकोडमध्ये अक्षर या वर्गात नाहीत, जोडचिन्ह या वर्गात आहेत. टोकनायझर त्यांना विरामचिन्हासारखं वागवतो आणि शब्द तिथेच तुटतो. 'पाणी'चे होतात 'प' आणि 'ण'. 'पुणे'चेही होतात 'प' आणि 'ण'. पाणी शोधलं की पुणे येतं! इथे ऑपरेटरवर वाद घालण्यात अर्थच नाही. टेबल बनवताना टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात जोडचिन्हांचे दोन्ही वर्ग, जागा घेणारी आणि न घेणारी, घाला आणि इंडेक्स नव्याने भरा. काय साठलंय ते 'एफटीएस५व्होकॅब' टेबलात डोळ्यांनी बघा.

मायएसक्यूएलचा खड्डा वेगळा. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात) शब्दाची किमान लांबी डिफॉल्टने ३ वर्ण असते. 'घर', 'वन', 'जल' हे दोन वर्णांचे शब्द इंडेक्समध्ये जातच नाहीत. 'इनोडीबी एफटी मिन टोकन साइझ' १ करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि फुलटेक्स्ट इंडेक्स काढून परत बांधा. नुसती सेटिंग बदलून जुना इंडेक्स सुधारत नाही.

इतरत्रही हीच शिस्त: इलॅस्टिकसर्चमध्ये 'अ‍ॅनालाइझ', पोस्टग्रेसमध्ये 'टीएस डीबग' चालवून वीसेक खरे मराठी शब्द कसे तुटतात ते बघितल्याशिवाय ऑपरेटरला हात लावू नका.

शब्द एका फील्डमध्ये की सगळ्यांत मिळून

'शालेय शिक्षण बदली' या शोधात पहिले दोन शब्द 'विभाग' फील्डमध्ये आहेत, तिसरा 'विषय'मध्ये. इलॅस्टिकसर्चच्या 'मल्टी मॅच'चा नेहमीचा प्रकार, 'बेस्ट फील्ड्स', 'अँड' प्रत्येक फील्डला वेगवेगळा लावतो. तिन्ही शब्द एकाच फील्डमध्ये नाहीत, म्हणून निकाल शून्य. प्रकार 'क्रॉस फील्ड्स' करा किंवा आवृत्ती ७.१३ पासून असलेली 'कम्बाइन्ड फील्ड्स' क्वेरी वापरा, आणि सगळ्या फील्डना एकच अ‍ॅनालायझर द्या. 'क्रॉस फील्ड्स'मध्ये अ‍ॅनालायझर वेगळे असले की फील्डचे गट पडतात आणि जुनाच प्रश्न परत येतो. पोस्टग्रेसमध्ये सगळी फील्डं 'सेटवेट'ने वजन देऊन एकाच 'टीएसव्हेक्टर'मध्ये गुंफा. एफटीएस५ मध्ये 'अँड' पूर्ण ओळीला लागतो, तिथे काही करावं लागत नाही.

वाचणाऱ्याने स्वतः ऑपरेटर लिहिले तर

ल्यूसीनचा जुना क्वेरी पार्सर (लिहिलेल्या शोधाचा अर्थ लावणारा भाग) शाळेत शिकलेलं बूलियन गणित करत नाही. तो प्रत्येक शब्दाला 'सक्तीचा', 'ऐच्छिक' किंवा 'वर्ज्य' असा शिक्का मारतो, बस. डिफॉल्ट 'अँड' असताना कोणी 'शिक्षक ऑर प्राध्यापक बदली' लिहिलं, तर पहिले दोन ऐच्छिक होतात आणि 'बदली' सक्तीचा. एक शब्द सक्तीचा असला की ऐच्छिक शब्द जुळले नाहीत तरी चालतात, म्हणून तलाठ्यांच्या बदल्याही यादीत येतात. '(शिक्षक ऑर प्राध्यापक) बदली' असा कंस घातला की हिशेब बरोबर होतो. मदत-मजकुरात कंसाचं उदाहरण द्याच. मँटिकोरमध्ये 'ऑर' जास्त घट्ट बांधतो, तिथे कंसाशिवायही हाच अर्थ निघतो. एफटीएस५ मध्ये मोकळ्या जागेतला 'अँड' सगळ्यात घट्ट, लिहिलेल्या ऑपरेटरांपेक्षाही.

वजाबाकीचं चिन्ह जपून. इलॅस्टिकसर्चच्या 'सिंपल क्वेरी स्ट्रिंग'मध्ये डिफॉल्ट 'ऑर' असताना 'बदली -पोलीस' याचा अर्थ 'बदली असलेल्या, किंवा पोलीस नसलेल्या' असा लागतो, आणि जवळजवळ अख्खा संग्रह समोर येतो. ही क्वेरी वापरायचीच असेल तर डिफॉल्ट 'अँड' करा. तरीही सर्वसामान्य लोकांसाठीच्या चौकटीत हीच बरी, कारण न मिटलेला कंस आला तरी ती कोसळत नाही. 'क्वेरी स्ट्रिंग' चूक फेकते. पोस्टग्रेसचं 'वेबसर्च टू टीएसक्वेरी'ही चूक फेकत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीला शब्दाच्या शेवटी आलेलं अधिकचं चिन्ह चालत नाही, म्हणून आलेल्या मजकुरातली सगळी चिन्हं आधी काढा आणि मग प्रत्येक शब्दाआधी अधिक स्वतः लावा. एफटीएस५ ला प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात द्या. उपसर्गाची फुली अवतरणाच्या बाहेर.

निकाल शून्य आला तर

पहिली फेरी 'अँड'ची. शून्य आला तरच दुसरी फेरी, '३<-२५%' ऐवजी '१<-५०%' अशा सैल अटीने, आणि ती नेहमी गुणांनुसार, दिनांकानुसार कधीच नाही. दुसऱ्या फेरीचे निकाल पहिल्यात मिसळू नका. वर स्पष्ट लिहा: 'सर्व शब्द असलेली नोंद नाही. काही शब्द जुळलेल्या नोंदी:' आणि कोणता शब्द जुळला नाही तो खोडून दाखवा. लोक ते बघून स्वतःच शब्द बदलतात.

प्रत्येक शोधाची नोंद ठेवा: मूळ मजकूर, कोणत्या फेरीत निकाल आला, किती आले, कितव्या निकालावर क्लिक झालं. महिन्याभराने शून्य निकालांची यादी काढून वारंवारतेने लावा. तिच्या वरच्या टोकाला मराठीत बहुतेक वेळा जोडशब्द, आकडे आणि लिपीचा घोळ ('जीआर' रोमन अक्षरांत लिहिलेला) सापडतो. ते समानार्थी यादीत घाला. मग पन्नासेक खरे शोध निवडून, प्रत्येकाची अपेक्षित नोंद लिहून ठेवा, आणि अ‍ॅनालायझर, वगळ-यादी किंवा किमान-जुळणीची अट यांतलं काहीही बदललं की ते पन्नास पुन्हा चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. अपेक्षित नोंद पहिल्या दहांत किती वेळा आली आणि दुसरी फेरी किती वेळा लागली, हे दोन आकडे प्रत्येक बदलासोबत लिहून ठेवा. दुसरी फेरी वाढली असेल तर आधी शब्द कुठे तुटतायत ते बघा. अट सैल करण्याची वेळ त्यानंतरची.